खिळा मारायचा नाही

आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली, तिच्यातल्या सोळा घरांनी एकाच महिन्यात भाड्याची घरं शोधायला सुरुवात केली आणि मुलुंड पूर्वेतल्या ब्रोकर मंडळींची दिवाळी गणपतीच्या आधीच आली. सोळा म्हणजे फक्त आम्ही. मागच्या गल्लीतली बिल्डिंग आमच्याआधी दोन महिने रिकामी झालेली, नवघर रोडवर आणखी एक रिकामी होण्याच्या बेतात. आणि सगळ्यांची मागणी शब्दशः एकच: दोन बेडरूम, स्टेशनला चालत जाता येईल असं, लिफ्ट नाहीतर पहिला मजला, आणि ‘इथेच जवळपास’. देवळाच्या, दवाखान्याच्या आणि रोजच्या भाजीवाल्याच्या जवळपास. स्वतःच्या घराचे मालक असलेले पन्नाससाठ लोक हातात पिशवी घेऊन त्याच चार गल्ल्यांमध्ये वर बघत फिरत होते. समोरासमोर आलो की ‘काय, मिळालं का?’ असं विचारायचं आणि मिळालं असलं तरी नाही म्हणायचं, असा एक अलिखित रिवाज पडला होता.

आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन, १९७८ सालची. लिफ्ट नाही. पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर बादल्या आणि बाकीच्यांकडे ओल. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा सहा वर्षं चालल्या. त्यात आम्ही टेंडर, बँक गॅरंटी आणि एफएसआय हे शब्द शिकलो आणि दोन कुटुंबं एकमेकांशी बोलायची बंद झाली. शेवटी करार झाला. बिल्डर आम्हाला महिन्याला ४२ हजार भाडं देणार, पहिल्या अकरा महिन्यांचे चेक एकदम, शिवाय ब्रोकरेज आणि सामान हलवायचे पैसे वेगळे. कागदावर हा आकडा बरा वाटला होता. पण तो ठरला तेव्हा बाजारात आम्ही सोळाजण उतरलेलो नव्हतो. आम्ही उतरलो आणि त्याच गल्लीतलं चाळीसचं घर अठ्ठेचाळीसला गेलं. आमची मागणी आम्हालाच महाग पडली.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे ती नडणार आहे. मी आठ वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. कुणाचा फ्लॅट भाड्याने जायचा असला की येणारी माणसं आधी माझ्या हॉलमध्ये येऊन बसायची. मी त्यांना पाणी द्यायचे, फॉर्म द्यायचे आणि प्रश्न विचारायचे. कोण, कुठले, किती माणसं, नोकरी कुठे. मला वाटायचं मी फार सौजन्याने विचारते.

घर शोधायच्या मोहिमेत आम्ही चौघं. नवरा, मी, लेक आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई. लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘नेट असलं की मला कुठलंही चालेल,’ आणि ती सुटली. तिची नोकरी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. ती रात्री अडीचला कॅबने घरी येते आणि आम्ही चहा घेत असतो तेव्हा गाढ झोपलेली असते. नवऱ्याने एक्सेल शीट केली. भाडं, डिपॉझिट, कार्पेट, मजला, लिफ्ट, पाणी, पार्किंग, स्टेशनचं अंतर. प्रत्येक रकान्याला गुण, शेवटी बेरीज, आणि जिंकणाऱ्या ओळीला आपोआप हिरवा रंग. आईंनी काहीच केलं नाही. त्या फक्त प्रत्येक घर बघायला आल्या. गुडघे दुखत असताना, जिने चढून, प्रत्येक.

पहिलं घर मिठागर रोडला, केळकर कॉलेजच्या बाजूला. तळमजला, त्यामुळे आईंसाठी सोयीचं. ब्रोकरने सांगितलं साडेसातशे फूट. नवऱ्याने खिशातून टेप काढली तेव्हा तो जरा हिरमुसला. भरलं चारशे नव्वद. २०१७ साली रेरा हा घरबांधणीचा कायदा लागू झाल्यापासून नवा फ्लॅट विकताना बिल्डरला कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, सांगावा लागतो. भाड्याच्या बाजारात मात्र जिना, लिफ्टचा खड्डा आणि वॉचमनची केबिन अजूनही आपापल्या वाट्याने प्रत्येक फ्लॅटमध्ये येऊन राहतात. ‘मॅडम, बिल्टअप सांगितलं होतं,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘सुपर बिल्टअप.’ आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर समोरचा रस्ताही आमच्या हॉलमध्ये आला असता.

आई तोवर बेडरूममध्ये पोचल्या होत्या. त्यांनी नखाने भिंतीचा खालचा भाग खरवडला. पांढरी पूड खाली पडली. नव्या रंगाखाली लोणा होता.

‘मिठागर रोड आहे आजी, भिंतीत मीठ असणारच,’ ब्रोकर हसत म्हणाला.

‘मग भाड्यातून मिठाचे पैसे वजा करा,’ आई म्हणाल्या आणि बाहेर येऊन चपला घालू लागल्या.

दुसरं घर हरिओम नगरात. एक्सेल शीटचं लाडकं. चौदावा मजला, दोन लिफ्ट, चोवीस तास पाणी, खिडकीतून थेट खाडीपर्यंतची नजर. हिवाळ्यात तिकडे रोहित पक्षी येतात, असं ब्रोकरने आपण ते स्वतः मागवून ठेवल्याच्या थाटात सांगितलं. हरिओम नगर हे एक मजेशीर प्रकरण आहे. आहे मुंबई महापालिकेत, मुलुंडच्याच टी वॉर्डात, पण टोलनाक्याच्या पलीकडे. म्हणजे इतकी वर्षं तिथल्या माणसाला मुलुंडमधून मुलुंडमध्ये यायला टोलनाका ओलांडावा लागायचा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लहान गाड्यांचा टोल बंद झाला आणि ब्रोकरांनी त्याच आठवड्यात तिथली भाडी वाढवली, असं तो ब्रोकरच म्हणाला. खरं खोटं तो जाणे. बाजूला जुनं डम्पिंग ग्राउंड. तिथे कचरा टाकणं २०१८ साली थांबलं, मग साचलेला कचरा उपसून जमीन मोकळी करण्याचं काम सुरू झालं. आम्ही गेलो त्या दिवशी वास अजिबात नव्हता. पण ब्रोकरने फ्लॅटमध्ये शिरताच खिडक्या न उघडता एसी लावला, हे माझ्यातल्या माजी सेक्रेटरीने टिपून ठेवलं.

घरमालक परदेशात. त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. माणूस सभ्य होता, मराठी होता, आईंना त्याने नमस्कारही केला. मग अटी सांगायला लागला. एक वर्षाचा लॉक-इन. डिपॉझिट तीन लाख. आणि भिंतीला खिळा मारायचा नाही. ‘नुकतंच सगळं करून घेतलंय हो. पीओपी, टेक्स्चर. एकही खिळा नको. तेवढं प्लीज.’

आईंनी मोबाइलकडे बघून विचारलं, ‘मग ह्यांना कुठे लावू?’

त्याला कळलं नाही. मला कळलं. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा फोटो आमच्या हॉलमध्ये पंख्याच्या बटणांच्या वर आहे, सकाळी बटण दाबताना आईंची नजर आपोआप वर जाते. नवरा म्हणाला, ‘आई, हल्ली चिकटवायचे हुक मिळतात, दोन किलोपर्यंत वजन धरतात.’ आईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दोन किलोंचा विषय तिथेच संपला.

त्या दिवसापासून आई घरं कशी बघतात ते माझ्या ध्यानात यायला लागलं. दारातून आत आल्या की त्या खिडकीकडे जात नाहीत, किचनकडे जात नाहीत. हॉलच्या भिंतीशी जातात आणि तिच्यावरून तळवा फिरवतात. खांद्याच्या उंचीवर, डावीकडून उजवीकडे, सावकाश. जुना खिळा आहे का ते बघतात. नवा मारायला बंदी आहे ना, मग आधीचा असलेला तर कुणी काढायला सांगणार नाही. कायद्याची ही फट आमच्या वकिलाला सुचली नसती.

नंतरची काही घरं फार बोलण्यासारखी नाहीत. कोपरीला एक पाहिलं, ठाणे पूर्वेला. आमच्या घरापासून रिक्षाने फार लांब नाही, भाडं सहा हजारांनी कमी, ठाण्याहून सुटणारी लोकल म्हणजे बसायला जागा. पण मधे महापालिकेची हद्द बदलते, पिनकोड ४०००८१ चा ४००६०३ होतो, आणि आईंना ते मुंबई सोडल्यासारखं वाटलं. बहात्तर साली लालबागच्या चाळीतून मुलुंडला येतानाही त्यांच्या आत्याने असंच म्हटलं होतं म्हणे: ‘मुंबई सोडून चाललीस?’ एक घर पश्चिमेला पाहिलं. लिफ्टमध्येच ब्रोकरने आवाज खाली आणून विचारलं, ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का?’ आई देवगडच्या. ‘खातो की,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही?’ लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, पण आम्ही घर न बघता तीच लिफ्ट पकडून खाली आलो. मुलुंडमध्येच २०२३ साली एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेली, त्यांनी त्याचा व्हिडिओ टाकला आणि महाराष्ट्रभर गाजावाजा झाला. आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं. विचारणंच पुरेसं असतं, हे मला तोवर माहीत व्हायला हवं होतं.

एका रविवारी तर एकाच फ्लॅटच्या दारात आमच्याच बिल्डिंगमधली तीन कुटुंबं भेटली. तीन वेगवेगळ्या ब्रोकरांनी आणलेली. दुसऱ्या मजल्यावरचे काका आणि आम्ही जिन्यात उभे राहून ‘नाही हो, आम्ही सहजच’ असं एकमेकांना सांगत होतो. फ्लॅट काकांना मिळाला. मला त्यांचा राग आला आणि रागाची लाजही वाटली, कारण त्यांच्या हातातली पिशवी आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाच्या पूजेत वाटलेली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर नवरा शीट भरायचा. हरिओम नगर हिरवं, बाकी सगळं पांढरं. आठवडा झाला, दोन झाले. एकदा मी गमतीने आणखी एक रकाना घातला: ‘खिळे’. त्याने तो पुसला नाही. हरिओम नगरसमोर शून्य लिहिलं.

अकरा महिन्यांचं गणित मला या निमित्ताने नीट कळलं. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागत नाही, असं जुना नोंदणी कायदा म्हणतो. त्यातून अकरा महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेहक्क न देता नुसती राहायची परवानगी देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा असं केलं, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणी नसेल तर जबाबदारी घरमालकाची, भाडेकरूची नाही. म्हणजे अकराचं कारण गेलं, अकरा मात्र राहिले. मालक ते सोडत नाहीत त्यामागे एक जुनी भीती आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी गोठवली. आईंच्या लालबागच्या खोलीचं भाडं त्यांच्या लग्नापासून दीरांनी खोली सोडेपर्यंत दोन आकड्यांतच होतं. ते टाळायला मालकांनी ‘भाडेकरू नव्हे, लायसन्सी’ अशी युक्ती काढली. मग १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लायसन्सी म्हणून राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. आज ज्याचं वय पंचेचाळीस आहे त्या मालकाला यातलं काही माहीत नसतं. पण घर देताना ‘अकराच्या पुढे एक दिवस नाही’ म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो त्याच्या वडिलांचा असतो.

आता मालकाच्या घरात राहणारा मी कोण, तर ‘लायसन्सी’. सिनेमागृहातल्या खुर्चीवर तिकीट घेऊन बसलेल्या माणसाचा जो हक्क, साधारण त्या जातीचा. बसा, बघा, संपलं की उठा.

शेवटचं घर नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत सापडलं. दुसरा मजला. लिफ्ट मागाहून बाहेरून बसवलेली, त्यामुळे ती दोन मजल्यांच्या मधे थांबते आणि नऊ पायऱ्या तरीही चढाव्या लागतात. टेपने भरलं पाचशे दहा. भाडं ४६ हजार, म्हणजे चार पदरचे. डिपॉझिट दीड लाख. दुपारचं ऊन थेट हॉलमध्ये. पाणी सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा तास, टाकीचं. ड्राय बाल्कनी इतकी अरुंद की वॉशिंग मशीन ठेवलं तर माणूस बाहेर उभं राहणार. किचनचा ओटा माझ्या उंचीला कमी आणि आईंच्या उंचीला जास्त. शीटमध्ये हे घर पाचव्या नंबरला आलं असतं.

आई भिंतीशी गेल्या. तळवा फिरवू लागल्या. मधेच थांबल्या.

‘एक,’ त्या म्हणाल्या. आणखी थोडं पुढे, ‘दोन.’ मग दाराच्या बाजूला, ‘हा स्क्रू आहे, पण चालेल.’

मी जवळ जाऊन पाहिलं. पहिल्या खिळ्याखाली रंगाचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. वीतभर रुंद, सव्वा वीत उंच. वरच्या दोन्ही बाजूंना अगदी बारीक, तेलकट अर्धवर्तुळं. हाराची. कुणाचा तरी फोटो इथे बरीच वर्षं होता, त्याला रोज नसला तरी सणावाराला हार घातला जायचा. आईंनी तो चौकोन बोटाने बाहेरच्या कडेने पुसला, जसं आपण दुसऱ्याच्या देव्हाऱ्याजवळ जरा जपून हात लावतो. मग नवऱ्याला म्हणाल्या, ‘टोकन दे.’

नवरा ‘पाण्याचं विचारू या’ म्हणाला. आई म्हणाल्या, पाणी काय, भरून ठेवता येतं.

मालकाचं काही अडलं नाही. निवृत्त गृहस्थ, पुण्याला मुलाकडे राहतात. खिळ्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. अडलं ते सोसायटीत. त्यांच्या सेक्रेटरी बाई पहिल्या मजल्यावर राहत होत्या. आम्हाला हॉलमध्ये बसवलं, पाणी दिलं. छान हसतमुख बाई. मग टीपॉयखालून एक फाइल काढली आणि फॉर्म समोर ठेवला.

तो फॉर्म मला पाठ होता. अगदी तोच नव्हे, पण आपल्या हातचं वाटण दुसऱ्याच्या आमटीत ओळखू यावं तसा. भाडेकरूचे नाव. मूळ गावचा पत्ता. राहणाऱ्या व्यक्तींची संख्या व नाते. नोकरीचे ठिकाण. पाळीव प्राणी. खाली ‘शिफ्टिंग डिपॉझिट रु. ५,०००, लिफ्ट वा रंगाचे नुकसान झाल्यास परत मिळणार नाही’. आमच्याकडे ही टूम मीच काढली होती, दोन हजारांची. कायद्याने सोसायटी मालकाकडून तो स्वतः राहत नसल्याचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेऊ शकते, तोही सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. २००१ पासून हा नियम आहे. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगीही लागत नसते, नुसतं कळवावं लागतं. हे सगळं मला सेक्रेटरी असताना माहीत होतं. पण एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हा शब्द असा काही आहे की तो समोरचा माणूस आपणहून मागायला येतो, आणि कुणी मागायला आलं की द्यायची सत्ता आपोआप आपल्याकडे येते.

‘एकच विचारते हं,’ सेक्रेटरी बाई म्हणाल्या, ‘राग मानू नका. रात्री उशिरा येणारं-जाणारं कुणी आहे का घरात? आमच्याकडे जरा सीनियर सिटिझन जास्त आहेत.’

हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. माझ्याही फॉर्ममध्ये नसायचा. तो मी तोंडी विचारायचे, अगदी याच स्वरात, पाण्याचा ग्लास परत उचलताना.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन मुली राहायच्या. जवळच्या हॉस्पिटलात नर्स. एक साताऱ्याची, एक केरळची. नाईट शिफ्टवरून रात्री दीडदोनला यायच्या, किंवा त्या वेळेला निघायच्या. पहिल्या महिन्यात तक्रार आली: जिन्यात सँडलचा आवाज होतो. मी त्यांना बोलावून सांगितलं, अगदी गोड शब्दांत. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. एकदा माझ्या नवऱ्याच्या वडिलांना रात्री दम लागला तेव्हा मी दार उघडून बाहेर आले, तर ती साताऱ्याची मुलगी जिना चढत होती. दोन्ही सँडल हातात. सिमेंटच्या पायरीवर अनवाणी पाय. तिने माझा चेहरा पाहिला, सँडल तिथेच ठेवल्या, आत आली आणि सासऱ्यांना उशा लावून बसतं केलं, पाठीवर हात ठेवून श्वास मोजला, ऍम्ब्युलन्स येईपर्यंत थांबली. दोन महिन्यांनी त्यांचे अकरा महिने संपले. मालक करार वाढवायला तयार होता. कमिटीत विषय आला: ‘सिंगल मुली नकोत, फॅमिलीच देऊ या.’ माझ्यापुढे कागद आला. मी सही केली. मी एकटी विरोधात असते तरी काही झालं नसतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. पण मी विरोधात नव्हते.

‘लेक आहे,’ मी सेक्रेटरी बाईंना म्हटलं. ‘शिफ्ट असते. कॅब येते. गेटपर्यंतच.’

‘अच्छा,’ त्या म्हणाल्या आणि फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मला ते उलटं वाचता आलं नाही. मी वाचायचा प्रयत्न केला, हे त्यांनी पाहिलं. ‘बघते हं, कमिटीत घालते,’ त्या म्हणाल्या.

चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आमच्या बिल्डिंगमधली नऊ घरं रिकामी झाली होती आणि गॅसची पाइपलाइन तोडायची तारीख लागली होती. मी रोज फोनकडे बघायचे. आई म्हणाल्या, तुझ्याकडे लोक यायचे तेव्हा तू किती दिवस लावायचीस? त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच अंदाज घेत होत्या. मी म्हटलं, ‘आठवडाभर.’ ‘मग आहेत अजून तीन दिवस,’ त्या म्हणाल्या आणि डाळीतले खडे निवडू लागल्या.

परवानगी आली. रजिस्ट्रेशनला माणूस घरीच आला. हल्ली लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन ते डायनिंग टेबलवर सब-रजिस्ट्रारची कचेरी मांडतात. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटचं वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्यावरही. आमचा आकडा तेराशेच्या आसपास आला. नोंदणी फी एक हजार. त्याचं येण्याचं वेगळं. दोन साक्षीदार लागत होते. एक शेजारी, आणि दुसऱ्या आई, कारण त्यांना साक्षीदार व्हायचंच होतं. यंत्राने त्यांचा अंगठा घेतला नाही. एकदा, दोनदा, पाचदा. ‘आजी, रेषा पुसल्यात तुमच्या,’ तो मुलगा म्हणाला. त्याने ओलं फडकं मागितलं, अंगठा पुसला, फुंकर घातली, परत दाबला. नाही. आई अपराधी चेहऱ्याने अंगठ्याकडे बघत होत्या. साठ वर्षांची भांडी, राख, नारळ खवणं. सहाव्या वेळी डाव्या हाताचा लागला. स्क्रीनवर हिरवी खूण आली. एक्सेल शीटमधलं हरिओम नगर आठवून मला उगाच हसू आलं.

सामान एका टेम्पोत दोन खेपांत गेलं. लिफ्टला पुठ्ठे लावले, पाच हजारांची काळजी म्हणून. पंखे काढले, गीझर काढला, किचनमधली फळी काढताना तिच्यामागे सत्याण्णव सालचं लाइटबिल सापडलं. मुलुंडला वीज महावितरणची, बहुतेक मुंबईसारखी नाही, त्यामुळे मीटर बघायला येणाऱ्यापासून सगळं निराळं. ते बिल नवऱ्याने का कोण जाणे जपून ठेवलं. आईंनी सासऱ्यांचा फोटो टेम्पोत दिला नाही. साडीच्या जुन्या घडीत गुंडाळून रिक्षात मांडीवर घेऊन बसल्या. नव्या घरी पंखा लागायच्या आधी फोटो लागला. फोटो त्या उजळ चौकोनापेक्षा बोटभर मोठा निघाला. चारी बाजूंनी तो झाकला गेला.

पहिल्या रात्री झोप लागेना. पलंग त्याच दिशेला, पण खिडकी उलट बाजूला. रात्री अडीचच्या सुमाराला खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मी उठून खिडकीशी गेले. वॉचमनने टॉर्च मारला, नाव विचारलं, वही पुढे केली. लेकीने उभ्या उभ्या सही केली. गेट अर्धं उघडलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. लिफ्टचाही आवाज नाही. मी दार उघडून जिन्यात आले.

ती भिंतीला धरून वर येत होती. लॅपटॉपची बॅग खांद्यावर, दोन्ही सँडल एका हातात. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

‘लिफ्ट फार वाजते गं,’ ती कुजबुजली. ‘खालच्या काकू उठतील.’

आतून आईंचा आवाज आला, ‘कोण आलं? पाणी आलं का?’

‘नाही आई, अजून वेळ आहे,’ मी म्हटलं. ‘झोपा तुम्ही.’